संजाणचा ताजिक अधिपती : राष्ट्रकूटांनी बंदराचा कारभार एका अरबाकडे का सोपवला?

शिलालेखप्रेमी (प्रश्न)

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांविषयी वाचताना एक उल्लेख मनात घर करून राहिला आहे. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ मधील आणि तिसऱ्या इंद्राच्या कारकिर्दीतील एका ताम्रपटात संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, अधिपती म्हणून मधुमती नावाच्या पुरुषाचे वर्णन येते. तो सहियारहाराचा पुत्र असून ताजिक कुळातील आहे, असे लेख सांगतो. त्या काळी आपल्याकडील लेखांत अरबांना ताजिक म्हणत असत. आणि मधुमती हे मुहम्मदचे, तर सहियारहार हे शहरियारचे संस्कृत रूप असावे, असे अभ्यासक मानतात. मधुमतीची नेमणूक तिसऱ्या इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने केली होती. त्याने आसपासच्या बंदरांवरील अधिपतींना जिंकून तेथे आपले अधिकारी बसवले, प्रवाशांसाठी नदी ओलांडण्याच्या विनामूल्य होड्या चालवल्या, आणि संजाणमध्ये अन्नछत्र उघडले, जेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळत असे. मूळ दान मात्र एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेसाठी (लहान मठासाठी), तिच्या दुरुस्तीसाठी आणि देवीच्या नैवेद्यासाठी आहे, आणि त्या दानामागे हा ताजिक अधिपती उभा आहे.

ज्या सत्तेची राजधानी समुद्रापासून दूर, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मान्यखेटला होती, तिने एका बंदराचाच नव्हे, तर आजूबाजूच्या किनारपट्टीचा कारभारही परदेशी व्यापाऱ्यांच्या समाजातील माणसाकडे का द्यावा? हा एखादाच अपवाद होता की त्यामागे काही रीत होती? आणि या प्रश्नाची दुसरी बाजू अशी, की स्थानिक व्यापाऱ्यांजवळ नव्हते असे अरब व्यापाऱ्यांजवळ नेमके काय होते? शालेय पुस्तकांत अरबांनी भारताचा माल पश्चिमेकडे नेला, एवढ्या एका वाक्यावर हा सारा विषय संपतो. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर कोकण

आपल्या प्रश्नाचे उत्तर दहाव्या शतकात सुरू होत नाही, तर त्याच्या तीनशे वर्षे मागे जावे लागते, कारण या किनाऱ्याशी अरबांची इस्लामोत्तर ओळख व्यापाराच्या आधी स्वाऱ्यांमधून झाल्याची नोंद आहे. नवव्या शतकातील इतिहासकार बलाझुरी सांगतो, की खलिफा उमर यांच्या काळात बहरीन आणि ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमारी स्वारी पाठवली आणि खलिफाला ते मुळीच रुचले नाही. पुढे ७१२ मध्ये सिंध अरबांच्या हाती गेला, आणि तेथून निघालेली फौज दक्षिण गुजरातपर्यंत पोहोचली. इसवी सन ७३८-३९ च्या सुमाराच्या नवसारी ताम्रपटात चालुक्य घराण्यातील अवनिजनाश्रय पुलकेशी याने ताजिकांच्या त्या फौजेचा पराभव केल्याचे वर्णन आहे, आणि त्याबद्दल त्याला दक्षिणापथाचा आधारस्तंभ यासारखी बिरुदे मिळाली. ज्या समाजाची फौज एका शतकात परतवून लावली, त्याच समाजातील माणूस पुढे याच किनाऱ्यावर अधिपती होतो, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय मधुमतीच्या नेमणुकीचे वजन कळत नाही.

मधल्या काळात जे बदलले त्याची साक्ष अरबी ग्रंथकारच देतात. सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावावर असलेला ८५१ मधील वृत्तान्त बल्हराला, म्हणजे वल्लभराज ही पदवी धारण करणाऱ्या राष्ट्रकूट सम्राटाला, जगातील चार मोठ्या राजांत गणतो. उरलेले तीन म्हणजे बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रोमचा बादशहा. अरबांवर बल्हराइतके प्रेम करणारा दुसरा राजा नाही, असे हा वृत्तान्त आवर्जून सांगतो, आणि त्याच ओघात गुर्जरांचा राजा, म्हणजे प्रतीहार, अरबांचा वैरी असल्याचेही नमूद करतो. ही दोन विधाने एकत्र वाचली पाहिजेत. राष्ट्रकूट आणि प्रतीहार यांच्यात कनौजवरून पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालू होता, आणि प्रतीहारांच्या पश्चिम सीमेला लागून सिंधमधील अरब सत्ता होती. शत्रूच्या पलीकडल्या शेजाऱ्याशी सलोखा राखण्यात मान्यखेटचे हित उघड होते, आणि तो सलोखा राखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्या समाजाच्या व्यापाऱ्यांना आपल्या बंदरांत निर्धास्तपणे नांदू देणे.

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, अल-मसूदी स्वतः सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता. मधुमतीच्या काळाचाच हा साक्षीदार आहे. तेव्हा चौलवर बल्हराच्या अधिपत्याखाली झंझ नावाचा राजा होता, असे तो लिहितो. हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ होय. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत होते असा त्याचा अंदाज आहे, आणि त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक जसे होते, तसेच याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले, ज्यांना तो बयासिरा म्हणतो, तेही होते. या वस्तीचा प्रमुख म्हणून राजाने त्यांच्यातीलच एका प्रतिष्ठित माणसाला नेमले होते. त्या पदाला हुनरमन म्हणत, आणि वस्तीतील तंटेबखेडे तो आपल्या लोकांच्या कायद्याप्रमाणे सोडवी. म्हणजे परक्या व्यापाऱ्यांचा कारभार त्यांच्यातील प्रमुखाकडे देण्याची रीत चौलला रुळलेली होती. संजाणमध्ये राष्ट्रकूटांनी तीच रीत एक पायरी वर नेली आणि वस्तीच्या प्रमुखाऐवजी मंडळाचा अधिपती केला, असे माझे मत आहे.

यात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बलाझुरीच्या म्हणण्याप्रमाणे खलिफा मामूनच्या काळात फझल इब्न माहान नावाच्या सरदाराने सिंदान नावाचे बंदर जिंकून तेथे मशीद बांधली. पुढे त्याच्या मुलांत भाऊबंदकी माजली, स्थानिक हिंदूंनी बंदर परत घेतले, पण मशीद मुसलमानांच्या प्रार्थनेसाठी तशीच राहू दिली. हे सिंदान म्हणजे आपले संजाण की कच्छकडील दुसरे ठिकाण, यावर अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करणे योग्य नाही. तरीही पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचा व्यवहार कसा होता याची कल्पना त्यावरून येते. याला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव म्हणण्याचा मोह मी टाळतो. राजाला जकात हवी होती, व्यापाऱ्याला अभय हवे होते, आणि दोघांनाही हे पिढ्यान्‌पिढ्या टिकावे असे वाटत होते. त्या टिकाऊपणातून एकमेकांच्या देवळा-मशिदींचा मान राखण्याची सवय लागली, आणि ती सवय मला फार मोलाची वाटते.

सागरवाट

उत्तर कोकण यांनी राजाची बाजू फार नेमकी मांडली आहे. मी समुद्राच्या बाजूने लिहितो, कारण स्थानिक व्यापाऱ्यांजवळ नव्हते असे अरबांजवळ काय होते, हा प्रश्न तेथेच सुटतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे व्यापारी या किनाऱ्याला इस्लामच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या, पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेल्या सागरी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरील मुझा हे बंदर अरब जहाजमालकांनी आणि खलाशांनी गजबजलेले असल्याचे आणि ते स्वतःची जहाजे घेऊन भडोचशी व्यापार करत असल्याचे लिहिले आहे. सातव्या-आठव्या शतकांनंतर जे नवे घडले ते असे, की ईजिप्तपासून सिंधपर्यंतचा मुलूख एका छत्राखाली आला, ७६२ मध्ये वसवलेले बगदाद हे अफाट गिऱ्हाईक उभे राहिले, आणि त्याच वेळी पूर्वेला तांग राजवटीखालचा चीनही भरभराटीला आलेला होता. या दोन बाजारपेठांना सलग जोडणारा जलमार्ग बसरा, सिराफ, सोहार, मस्कत, कोल्लम, मलाक्काची सामुद्रधुनी आणि दक्षिण चीनमधील कँटन बंदर असा होता, आणि त्यावर एकाच समाजाचे लोक सुरुवातीपासून शेवटपर्यंत जात. कोकणातील किंवा गुजरातमधील व्यापारीही समुद्र ओलांडत होतेच, परंतु मार्गाच्या दोन्ही टोकांना आपले कायदे, आपली भाषा आणि आपले नातेवाईक असण्याचा लाभ त्या काळात अरबी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांना अधिक होता.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नैऋत्य मोसमी वारे जूनमध्ये जोर धरतात तेव्हा आपली बंदरे बंद होतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र पुन्हा खुला होतो, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिडाच्या जहाजाला याच चक्रात बसून प्रवास आखावा लागे. मस्कतहून कोल्लमला पोहोचायला अनुकूल वाऱ्यावर सुमारे महिना लागत असे, पण चीनपर्यंत जाऊन परत यायचे तर वाटेत वाऱ्यासाठी थांबत थांबत दीड वर्ष सहज जाई. ज्या बंदरात थांबणे आले, तेथे वखार आली, घर आले, बहुधा लग्नही आले. मसूदीला चौलला भेटलेली बयासिरा मंडळी ही अशाच मुक्कामांची पुढची पिढी होती. भटकळचे नवायत, केरळातील माप्पिळा आणि आपल्या कोकणी मुसलमानांतील अनेक घराणी आपली पाळेमुळे याच समुद्री येण्याजाण्याशी जोडतात.

तिसरी गोष्ट जहाजाची, आणि येथे भारताचा वाटा इतका मोठा आहे की त्याची आठवण अधिक वेळा व्हायला हवी. अरबस्तानात आणि आखातात जहाजासाठी लागणारे उंच, टिकाऊ लाकूड फारसे मिळत नसे, म्हणून सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. फळ्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवत असत, आणि तो काथ्याही मलबार, लक्षद्वीप, मालदीवचा. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू झैद या सिराफच्या ग्रंथकाराने लिहिले आहे, की ओमानचे लोक नारळाच्या बेटांवर जातात, तेथेच झाडे तोडून त्यांच्या फळ्या करतात, काथ्या वळून त्या शिवतात, त्याच झाडाची डोलकाठी आणि त्याच्याच तंतूंचे शीड करतात, आणि मग त्या जहाजात नारळच भरून ओमानला परततात.

ही केवळ ग्रंथातील वर्णने आहेत असे आता म्हणता येत नाही. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये समुद्रतळाशी एक जहाज सापडले. ते पश्चिम हिंदी महासागरातील पद्धतीने शिवलेले आहे, आणि त्यात सुमारे ६०,००० चिनी मातीची भांडी होती, ज्यांतील बहुसंख्य चांगशा येथील भट्ट्यांत तयार झालेली वाडगी होती. एका वाडग्यावर कोरलेली तारीख इसवी सन ८२६ शी जुळते. हजारो नगांमध्ये एकसारखा घडवलेला, परदेशी गिऱ्हाइकाची आवड ओळखून रंगवलेला हा माल पाहिला, म्हणजे हा व्यापार केवळ रत्ने, कस्तुरी आणि रेशीम यांचा नव्हता, तर साध्या घरांतील भांड्यांपर्यंत पोहोचलेला होता, हे पटते. १९८०-८१ मध्ये मलबारच्या लाकडातून तसेच शिवलेले सोहार नावाचे जहाज ओमानहून शिडाच्या बळावर कँटनपर्यंत नेण्यात आले, त्यामुळे अशी जहाजे एवढ्या लांबच्या प्रवासाला टिकत का, ही शंकाही मिटली.

कँटनमध्ये व्यवहार कसा होई, याचेही वर्णन ८५१ च्या वृत्तान्तात आहे. जहाज आले की चिनी अधिकारी माल ताब्यात घेऊन कोठारात ठेवत आणि त्या हंगामातील शेवटचे जहाज येईपर्यंत तो सोडत नसत. मग दहातील तीन हिस्से जकात म्हणून कापून उरलेला माल मालकाला परत देत. एवढी जड जकात भरूनही लोक जात राहिले, यावरून नफ्याचा अंदाज करता येतो. पुढे ८७८-७९ च्या सुमारास हुआंग चाओच्या बंडखोरांनी कँटनमधील परदेशी व्यापाऱ्यांची भीषण कत्तल केली आणि थेट चीनपर्यंत जाणे बरेच थांबले. त्यानंतर मलाया द्वीपकल्पावरील कलाह येथे पश्चिमेकडची आणि चीनकडची जहाजे एकमेकांना भेटू लागली, असे मसूदी सांगतो. मधुमती संजाणला अधिपती होता तो हाच काळ आहे. पूर्वेची वाट अशी धोक्यात असताना भारताच्या किनाऱ्यावरील सुरक्षित बंदरांची किंमत व्यापाऱ्यांच्या दृष्टीने वाढलेली असणार, असे मला वाटते.

शिलालेखप्रेमी

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सिंध, कनौज आणि कँटन यांची सांगड अशा रीतीने घालता येईल याची मला कल्पना नव्हती. एक उपप्रश्न मनात येतो. दीड वर्षांनी परतणाऱ्या माणसाच्या हाती कोणी आपले पैसे कसे देत असे? भिन्न धर्माच्या, भिन्न देशाच्या दोन व्यापाऱ्यांमध्ये करार मोडला तर दाद कोठे मागत? माझ्या मते या साऱ्या व्यापाराचा कणा तेथेच असावा.

खतावणी

आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. जहाजे आणि वारे सर्वांनाच उपलब्ध होते. परक्या माणसावर विश्वास ठेवता येईल अशी व्यवस्था मात्र घडवावी लागते, आणि अरबी व्यापारजगताची सर्वांत मोठी कामगिरी मी हीच मानतो.

त्या व्यवस्थेचा पाया मुदारबा किंवा किराद या नावाचा करार होता. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने ते घेऊन प्रवासाला जायचे, आणि नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तोटा झाला तर पैसा भांडवलदाराचा बुडे आणि प्रवास करणाऱ्याचे श्रम वाया जात. त्याने हलगर्जी किंवा लबाडी केली नसेल, तर त्याच्याकडून भरपाई मागता येत नसे. व्याजाला धर्माची मनाई असल्यामुळे कर्जाऐवजी भागीदारीकडे वळावे लागले, आणि त्यामुळेच ज्याच्याजवळ केवळ हुशारी आणि धाडस आहे अशा तरुणालाही समुद्रावर जाण्याची संधी मिळाली. पुढे इटलीतील शहरांत प्रचलित झालेली कोमेंडा ही भागीदारी याच्याशी फार मिळतीजुळती आहे. रोकड बरोबर न नेता एका शहरात पैसे भरून दुसऱ्या शहरात ते उचलण्यासाठी सुफतजा नावाचे पत्र असे, आणि आपल्याकडील हुंडीशी त्याचे साम्य पाहता दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना एकमेकांचे कागद समजून घेणे जड गेले नसावे. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण कडेवरील औदघुस्त येथे ४२,००० दीनारांचे देणे असलेला एक लेख पाहिल्याचे नमूद केले आहे. वाळवंटाच्या दोन टोकांना राहणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये एवढ्या रकमेचा व्यवहार एका कागदावर होतो, यात त्या व्यवस्थेची ताकद दिसते.

हे प्रत्यक्षात कसे चाले, याचा सर्वांत जिवंत पुरावा जुन्या कैरोतील एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, कोठडीत साठून राहिलेल्या गेनिझा कागदपत्रांत मिळतो. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातील महदियाचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात एडनमार्गे मंगळूरला आला आणि सुमारे सतरा वर्षे तेथे राहिला. तो अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत पत्रे लिही. एडनहून त्याच्याकडे जुनी तांब्या-पितळेची भांडी येत, त्याच्या मंगळूरच्या कारखान्यात त्यांतून नवी भांडी घडत आणि पुन्हा एडनला जात. त्यांच्याबरोबर मिरी, लोखंड आणि सुपारीही जाई. एडनला व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून एक मान्यवर व्यक्ती असे. तिच्याकडे परगावच्या मालाची वखार, हिशेब आणि तंट्यांची मिटवणूक सोपवलेली असे. मालाची खराबी, भावातील चढउतार, बुडालेली जहाजे, भेट म्हणून पाठवलेला कागद आणि साखर, या सर्वांविषयी ही माणसे एकमेकांना सतत लिहीत राहिली. कोणी फसवले तर ती बातमीही याच पत्रांतून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरे, आणि अब्रू गेलेल्या अडत्याला पुन्हा माल मिळणे अवघड होई. न्यायालयापेक्षा या पत्रांचा धाक मोठा असावा.

आपल्या उपप्रश्नाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देणारा एक अप्रतिम लेख सौराष्ट्रात आहे. इराणच्या आखातातील होर्मुझचा नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, नूरुद्दीन फिरोज याने १२६४ मध्ये सोमनाथ पाटण येथे मशीद बांधली, आणि त्याविषयीचा लेख संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत कोरला गेला. तेथे वाघेला राजा अर्जुनदेवाची सत्ता होती. मशिदीसाठी जमीन मिळवून देण्यात छाडा नावाच्या स्थानिक मान्यवराचा मोठा हात होता, आणि लेखात तो नूरुद्दीनचा धर्मबंधू असल्यासारखा येतो. संस्कृत भागाचा आरंभ विश्वनाथाला वंदन करून होतो, आणि त्या विश्वनाथाला शून्यरूप व विश्वरूप म्हटले आहे. काळ सांगताना हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ असे चार शक एकापुढे एक दिले आहेत, म्हणजे करार वाचणाऱ्या कोणत्याही समाजाला तारखेबद्दल शंका उरू नये. मशिदीचा खर्च भागवण्यासाठी दुकाने, घरे आणि तेलाची घाणी यांचे उत्पन्न लावून दिले, आणि शिल्लक मक्का व मदिना येथे पाठवावी असे ठरवले. ज्या सोमनाथावर १०२६ मध्ये गझनीच्या महमूदाचा घाला पडला होता, त्याच गावातील प्रतिष्ठितांनी पुढे हा करार केला. त्यांना मूर्तिभंजक सुलतान आणि दरवर्षी माल घेऊन येणारा नाखुदा यांतील फरक नीट कळत होता.

तटस्थ वाचक

चर्चा उत्तम चालली आहे. परंतु काही गोष्टी निसटत आहेत, म्हणून थोडे लिहितो.

आपण सर्वजण अरब हा शब्द फार सैलपणे वापरत आहोत. सिराफ हे इराणच्या किनाऱ्यावरील बंदर होते आणि तेथील अनेक व्यापारी वंशाने व भाषेने इराणी होते. मधुमतीच्या बापाचे नाव शहरियार असेल, तर तेही फारसी नाव आहे. बेन यिजू ज्यू होता. दहाव्या शतकात रचलेल्या सागरी कथासंग्रहात ओमानहून २०० दीनार घेऊन निघालेल्या आणि तीस वर्षांनी चीनहून अफाट संपत्ती घेऊन परतलेल्या इसहाकाची कथा येते, तोही ज्यूच. अरबी ही या व्यापाराची भाषा होती आणि कायद्याची चौकट इस्लामी होती, पण त्या चौकटीत वावरणारी माणसे नाना जातींची होती. त्यांच्या यशाचे श्रेय एका वंशाला देणे इतिहासाला धरून नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या व्यापारात माणसेही विकली जात होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सोने आणि हस्तिदंत जसे निघे, तसेच गुलामही निघत. दक्षिण इराकमधील खारट जमिनी खणून लागवडीयोग्य करण्यासाठी राबवलेल्या गुलामांनी ८६९ मध्ये बंड केले. ते ८८३ पर्यंत चालले आणि त्यात बसऱ्याचा विध्वंस झाला. बेन यिजूने मंगळूरला ज्या अशू नावाच्या स्त्रीबरोबर संसार थाटला, तीही आधी दासी होती, आणि तिला मुक्त केल्याचा कागद उपलब्ध आहे. विश्वासाच्या व्यवस्थेचे कौतुक करताना त्या व्यवस्थेच्या खतावण्यांत या माणसांची नोंद मालाच्या रकान्यात होत असे, हे विसरणे अन्यायाचे होईल.

तिसरे म्हणजे, पोर्तुगीज आले आणि अरबांचा व्यापार संपला, हे सरधोपट विधान येथे कोणी केले नाही याचे समाधान वाटते, तरी ते इतके प्रचलित आहे की त्याविषयी लिहिणे भाग आहे. वास्को द गामाला १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध नौशास्त्रज्ञ इब्न माजिद, ही कथा आता अभ्यासक स्वीकारत नाहीत. पोर्तुगीज येण्याच्याही आधी, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ईजिप्तच्या सुलतान बर्सबायने मिरीच्या व्यापाराची मक्तेदारी आपल्या हाती घेऊन कारिमी या बड्या व्यापाऱ्यांची कंबर मोडली होती. पोर्तुगीजांनी परवान्याशिवाय जाणारी जहाजे लुटण्याचा प्रघात पाडला आणि मुक्त समुद्राची जुनी रीत मोडली, यात शंका नाही. परंतु सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या समुद्रातून मिरी पुन्हा मोठ्या प्रमाणावर वाहू लागली होती. ओमानी अरबांनी १६५० मध्ये मस्कत आणि १६९८ मध्ये मोंबासा पोर्तुगीजांकडून घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या सुलतानाने झांझिबारला राजधानी नेऊन लवंगांचा व्यापार उभारला. आखातातील मोत्यांचे व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पेढ्या थाटून होते. या संबंधांमुळे आखातात भारतीय रुपया इतका रुजला होता, की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला तेथील वापरासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या.

उत्तर कोकण

तटस्थ वाचक यांचा गुलामांविषयीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि मधुमतीच्या बापाच्या नावाकडे लक्ष वेधल्याबद्दल आभार. सागरवाट यांच्या उत्तरात मात्र एक भर घालतो, म्हणजे स्थानिक व्यापारी दुबळे होते असा समज राहणार नाही.

दक्षिण कोकणातील रट्टराज या शिलाहार राजाच्या खारेपाटण ताम्रपटात, शके ९३० म्हणजे १००८ मध्ये, देवस्थानाला दिलेल्या उत्पन्नांत परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण (सोन्याचे नाणे) अशी नोंद आहे. म्हणजे परक्या जहाजाने भरलेली जकात शिवालयाच्या पूजेला लागत होती. उत्तर कोकणच्या अनंतदेवाच्या शके १०१६ म्हणजे १०९४ मधील ताम्रपटात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ यांची जहाजे ठाणे, सोपारा, चौल आणि नागपूर नावाचे किनाऱ्यावरील बंदर येथे आली तर त्यांना जकात माफ केली आहे. स्वतःची जहाजे बाळगणारे आणि राजाच्या मंत्रिमंडळात बसणारे असे व्यापारी येथे होते. गोव्यात कदंब राजा पहिला जयकेशी याच्या अकराव्या शतकातील ताम्रपटात ताजिक कुळातील अलियमाचा नातू छडम याने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी जहाजांवर कर लावण्याची परवानगी दिली आहे, आणि हा छडम राजाच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होता. म्हणून शिलालेखप्रेमी यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की मधुमती अपवाद नव्हता; स्थानिक श्रेष्ठी आणि ताजिक नाखुदा या दोघांनाही राज्यकारभारात जागा देण्याची रीत या किनाऱ्यावर किमान दोन शतके चालू होती.

ती रीत मोडली म्हणजे काय होई, हेही नोंदलेले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो लिहितो, की ठाण्याच्या राजाचे समुद्रावरील चाच्यांशी संगनमत आहे आणि लुटीत सापडणारे सर्व घोडे त्याने स्वतःसाठी ठेवून घेतले आहेत. त्या काळी आखातातून भारतात घोड्यांची प्रचंड आयात होत असे आणि राजाला घोडे हवेच होते, परंतु ज्या बंदराच्या मुखाशीच लूट होते तेथे व्यापारी कशाला येईल? याउलट मलबारात अन्यत्र फुटलेल्या जहाजाचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई, पण कालिकतमध्ये तो ज्याचा त्याला परत मिळे, असे इब्न बतूता चौदाव्या शतकात सांगतो, आणि ते शहर भरभराटीला येण्याचे व तेथे इतकी जहाजे येण्याचे कारण त्याने हेच दिले आहे.